मणक्याचं ऑपरेशन, रोबो आणि हायवेवरचे फलक

मेरुदंड (धागाकर्ता)

मी मणक्याचा सर्जन. शिकलो मुंबईत, प्रॅक्टिस सिंधुदुर्गात करतो. धागा काढायचं कारण असं, की हायवेने कणकवली, कुडाळ, सावंतवाडी करत बांद्यापर्यंत गेलात तर मणक्याच्या ऑपरेशनचे फलक दिसतात. एसटी स्टँडवर दिसतात, जत्रेच्या कमानीवर दिसतात, आता मोबाइलवरच्या रील्समध्येही दिसतात. ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’, ‘लेझरने गॅप कायमचा बरा’, ‘रोबोटिक अचूकता, ९९ टक्के यश’, ‘सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी’. पेशंट त्याचा फोटो काढून आणतात आणि कुठे दुखतंय हे सांगायच्या आधी विचारतात, "हे मशीन तुमच्याकडे आहे का?"

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मशीनशी माझं वैर नाही, रोज वापरतो. पण मणक्याच्या उपचारात सगळ्यात अवघड काम म्हणजे ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवणं. ते कुठलंही मशीन करत नाही. जाहिरात मात्र ते ठरलेलंच आहे असं धरून चालते आणि त्याच्या पुढचं विकते.

रोबोचंच घ्या. मणके एकमेकांना जोडायचे असतात तेव्हा प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा जो अरुंद खांब असतो त्यातून स्क्रू घालावा लागतो. आतल्या बाजूला नसा, काही पातळ्यांवर थेट मज्जारज्जू. स्क्रू दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी पाय जाऊ शकतो. तिथे रोबोचा हात सीटी स्कॅनवर आखलेल्या दिशेने नळी धरून ठेवतो. त्या नळीतून भोक पाडणं, स्क्रू पिळणं हे बहुतेक ठिकाणी सर्जनच करतो. मणक्यासाठीचा पहिला रोबो, स्पाइनअसिस्ट, अमेरिकेत २००४ साली मान्य झाला. म्हणजे हे काही काल आलेलं तंत्र नाही. पाठीला बाक असलेल्या मुलांत, किंवा आधी ऑपरेशन होऊन हाडांच्या खुणा पुसल्या गेलेल्या पेशंटमध्ये त्याचा खरा उपयोग आहे. पण दोन मणक्यांमध्ये जी मऊ चकती असते, आपण जिला गादी म्हणतो, ती सरकली की होणाऱ्या त्या साध्या ऑपरेशनात स्क्रूच नसतो. नसेवर दाबणारा गादीचा तुकडा काढायचा आणि बाहेर यायचं. तिथे रोबोला करण्यासारखं काही नाही. तरी फलकावर कंबर धरून वाकलेला माणूस असतो आणि शेजारी रोबोचा हात.

आता एमआरआय. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३११० माणसांच्या स्कॅनवर आधारलेले ३३ अभ्यास त्यात एकत्र केले होते. विशीतल्या ठणठणीत माणसांतही ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. यातल्या कोणाचंही काही दुखत नव्हतं. म्हणजे लावणीच्या दिवसांत कंबर धरलेली पन्नाशीची बाई ‘सवलतीतला एमआरआय’ काढून आली, तर रिपोर्टमध्ये काही ना काही निघणारच. ते आधीही होतं, आणि कंबर बरी झाल्यावरही राहणार आहे. ती मात्र घरी जाऊन सांगते, माझ्या मणक्यात गॅप आहे. मग वाकणं बंद, शेत बंद, मनाने खचते. रिपोर्टच्या कागदाने आजारी पडलेली अशी माणसं मी दर आठवड्याला बघतो.

मग ठरवायचं कसं? पेशंटला टाचांवर चालायला लावतो, मग चवड्यांवर. झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलतो आणि कळ नक्की कुठून कुठे जाते ते विचारतो. मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरली तर तिला अर्थ आहे. नुसती कंबरेत राहिली तर वेगळा. पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगतो आणि माझ्या बोटाने खाली दाबतो. निरोगी माणसाचा अंगठा एका बोटाला दबत नाही. कंबरेतली पाचवी नस दबली असेल तर तो हळूहळू खाली जातो, आणि पेशंट स्वतःच चकित होऊन बघत राहतो. हातोडीने टाचेमागच्या शिरेवर मारलं आणि पाऊल उडालं नाही, तर पाचवीच्या खालची नस दबलेली. उजवीकडे की डावीकडे, पिनने टोचलेलं कुठे बोथट लागतं, हे सगळं बघून झाल्यावरच मी एमआरआयची फिल्म प्रकाशात धरतो. तपासणीत सापडलेली नस आणि चित्रात दाबली गेलेली नस एकच निघाली तरच ऑपरेशनचा विचार. दोन्हीचा मेळ बसत नसेल तर एमआरआय कितीही वाईट दिसो, चाकू लावायचा नाही. या तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तिचा फलक कोणी लावत नाही.

‘९९ टक्के यश’ या आकड्याबद्दलही बोलायला हवं. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या (नस दबून कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या) २८३ पेशंटचा अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. सहा ते बारा आठवडे पाय दुखत असलेल्या या लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याने औषध घेऊन थांबायचं आणि गरज पडली तरच ऑपरेशन. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं, बाकीच्यांना लागलंच नाही. वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे. ऑपरेशनवाल्यांचं पायाचं दुखणं लवकर थांबलं, हा फायदा खरा आहे आणि असह्य दुखणाऱ्या माणसाला तो मोठा आहे. पण फलकावरचं यश मोजताना, थांबूनही बरी झाली असती अशी किती माणसं त्यात धरलीत, हे कुणी सांगत नाही. शिवाय काढलेल्या जागी गादी पुन्हा सरकते, शंभरात साधारण पाच ते दहा जणांची. त्यांना कुठल्या खात्यात टाकलं?

नवं तंत्र आलं, गाजलं आणि मग मागे घ्यावं लागलं, असं आमच्या शाखेत पुष्कळदा झालंय. पपईच्या चिकातलं काइमोपेपेन गादीत टोचून ती विरघळवायची, हे १९८२ साली अमेरिकेत मान्य झालं. जीवघेण्या ॲलर्जी आणि मज्जारज्जूला इजा झाल्याची प्रकरणं येत गेली, वापर घटला, आणि २००३ मध्ये तिथली विक्री थांबली. हाड लवकर जुळावं म्हणून बीएमपी नावाचं प्रथिन २००२ मध्ये आलं. कंपनीच्या पैशाने झालेल्या १३ अभ्यासांत, ७८० पेशंटमध्ये, त्या प्रथिनामुळे एकही दुष्परिणाम झाला नाही असं छापलं होतं. २०११ मध्ये ‘द स्पाइन जर्नल’ने सगळी कागदपत्रं उलगडली तेव्हा तो आकडा, ऑपरेशन कुठल्या बाजूने केलं त्यानुसार, १० ते ५० टक्के निघाला. पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराचंही तसंच. २००९ मध्ये दोन अभ्यासांत, सिमेंट न भरता नुसता तसा देखावा केलेल्या पेशंटपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. नंतर २०१६ च्या एका अभ्यासात अगदी ताज्या फ्रॅक्चरच्या म्हाताऱ्या पेशंटना फायदा दिसला. म्हणजे उपचार टाकाऊ नाही, पण कोणाला आणि कधी हे कळायला वर्षं गेली.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतही लिहा, मला ते हवंय.

---

देवगडचा_पोर

डॉक्टर, मी ठाण्यात असतो, आई गावी. तिला वाडीतल्या शिबिरात ‘संपूर्ण मणका एमआरआय पॅकेज’ची चिठ्ठी मिळाली. रिपोर्टमध्ये चार ठिकाणी गादी फुगलेली, दोन ठिकाणी झिजलेली. शिबिरातल्या माणसाने सांगितलं, आत्ता केलं नाहीत तर अंथरुणाला खिळाल. आईने रात्रभर झोप घेतली नाही. ती सत्तरीची आहे, काजूची बी गोळा करते, विहिरीवरून पाणी आणते. पाय दुखत नाही, फक्त सकाळी उठताना कंबर आखडलेली असते. तुमचं वाचून मी तिला फोन केला आणि ते आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, म्हणजे सगळ्यांच्याच असतं की हे?

एक विचारायचं होतं. मग एमआरआय काढायचा कधी?

---

मेरुदंड

पाय दुखणं सहा आठवड्यांच्या औषध-व्यायामानंतरही कमी होत नसेल आणि ऑपरेशनची किंवा इंजेक्शनची तयारी असेल, तेव्हा. किंवा धोक्याची चिन्हं असतील तर लगेच: पायाची ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, पडून लागलेला मार, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, ताप आणि वजन घटण्याबरोबर रात्रीची कंबरदुखी. शेवटच्या प्रकारात मणक्याचा टीबी आपल्याकडे बराच सापडतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत सापडला तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

आईंच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय त्यात काळजीचं काही दिसत नाही, पण एकदा कोणा डॉक्टरने त्यांना हात लावून तपासावं. त्यांना काम बंद करायला सांगू नका. आखडलेली कंबर चालण्याने सुटते. १९८६ सालीच एका अभ्यासात दिसलं होतं की कंबर धरल्यावर सात दिवस झोपून राहण्यापेक्षा दोनच दिवस विश्रांती घेणारे तितकेच बरे होतात आणि कामावर लवकर परततात.

---

गोदूताई

मी रत्नागिरीत फिजिओथेरपी करते. डॉक्टरांनी मशीनबद्दल लिहिलं ते आमच्या शाखेलाही लागू आहे. पेशंट आला की त्याला ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) हवं, लाइट लावलेला शेक हवा. व्यायाम दाखवला तर म्हणतो, हे तर घरीच करता येईल, मग तुमच्याकडे येऊन काय फायदा? ट्रॅक्शनचे अभ्यास कितीतरी वर्षं झालेत, आणि सायटिका असो वा नसो, त्याने फारसा फरक पडत नाही असंच त्यांतून दिसतं. तरी ते मशीन नसलेलं क्लिनिक लोकांना गरीब वाटतं.

लावणीच्या बायकांना मी एक गोष्ट शिकवते. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मुडी उचलताना कंबरेत न वाकता एक गुडघा टेकवा, मुडी पोटाशी धरा आणि मग उठा. बांधावर दर थोड्या वेळाने ताठ उभं राहून हात कंबरेवर ठेवून मागे झुका. चिखलात पाय रुततात, तिथे पुस्तकातल्यासारखं वाकता येत नाही, त्यामुळे बांधावर येऊनच करा. याचं रील केलं तर बघतील का लोक? मला खरंच विचारायचंय.

---

घाटमाथा

मी कोल्हापुरात हॉस्पिटलांसाठी प्रसिद्धीचं काम करतो. डॉक्टर, तुमचा मुद्दा कळतो, पण दुसरी बाजू मांडतो.

तुम्ही सिंधुदुर्गात आहात म्हणून तुमच्या पेशंटना तुम्ही माहीत आहात. मंडणगडच्या किंवा दोडामार्गच्या आतल्या वाडीतल्या माणसाला मणक्याचा वेगळा सर्जन असतो हेच माहीत नव्हतं. तो हाडवैद्याकडे जायचा, मालिश करून घ्यायचा, पाय लुळा पडला की देवाला कौल लावायचा. आज त्याला दुर्बिणीने ऑपरेशन होतं हे कळलं ते आमच्या फलकामुळे. मणक्याचं ऑपरेशन म्हणजे कायमचं अपंगत्व, ही भीती गावागावांत होती. ‘संध्याकाळी घरी’ या दोन शब्दांनी ती भीती गेली. तुम्ही ज्याला अतिशयोक्ती म्हणता, ती नसती तर लोक दाराशी आलेच नसते. आणि हॉस्पिटलने कोट्यवधींचं मशीन घ्यायचं, पण ते आहे हे सांगायचंच नाही, असं कसं चालेल?

---

बागायतदार_राजापूर

घाटमाथा यांच्याशी सहमत. माझं स्वतःचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालंय. उजवा पाय टेकवत नव्हता, दोन महिने गोळ्या खाऊन झाल्या होत्या. भूल फक्त तेवढ्या जागेची, सर्जन मला विचारत होते, पायात काय वाटतंय. एका क्षणी कळ अचानक गेली आणि मी टेबलावरच ओरडलो, गेली! दुसऱ्या दिवशी घरी. जाहिरात बघितली नसती तर मी अजून पाय ओढत फिरलो असतो.

---

मेरुदंड

राजापूरकर, तुमचं वाचून बरं वाटलं. दुर्बिणीचं तंत्र चांगलंच आहे, त्याबद्दल शंका नको. २०२२ मध्ये ६१३ पेशंटचा अभ्यास ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. पायाच्या दुखण्यासाठी दुर्बिणीचं ऑपरेशन नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या ऑपरेशनपेक्षा कमी नाही, असा त्याचा निष्कर्ष. छेद लहान, सुमारे आठ मिलिमीटर. दुसऱ्यात अडीच-तीन सेंटिमीटर. आतून काढतात तो तुकडा तोच. तुमचं ऑपरेशन यशस्वी झालं कारण दोन महिने थांबून, नस आणि चित्र जुळवून, योग्य माणसाचं केलं. छेद लहान होता हे त्यानंतरचं.

घाटमाथा, तुम्ही भीतीबद्दल लिहिलंत ते मला मान्य आहे. मीही पेशंट उशिरा आलेले बघतो आणि हळहळतो. मणक्याचं ऑपरेशन होतं, सुरक्षित होतं, कुठे होतं, हे सांगायलाच हवं. पण ‘आत्ता केलं नाहीत तर अंथरुणाला खिळाल’ हेही प्रसिद्धीचंच वाक्य आहे. एक भीती घालवून दुसरी घातली. देवगडच्या आईंची रात्र त्यात गेली.

नियमांचं म्हणाल तर भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम आजही लागू आहेत. डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढणं त्यात अनैतिक ठरवलंय. वर्तमानपत्रात निवेदन देता येतं ते प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही काळ बाहेर गेलो, परत आलो, अशा ठरावीक गोष्टींचं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवे नियम काढले. त्यात लाइक्स आणि फॉलोअर्स विकत घ्यायचे नाहीत, शोधयादीत वर येण्यासाठी पैसे द्यायचे नाहीत, पेशंटच्या शिफारशींचे व्हिडिओ टाकायचे नाहीत, हे स्पष्ट लिहिलं होतं. २३ ऑगस्टला ते स्थगित झाले. मला त्याचं वाईट वाटलं. त्या नियमांत बाकी काही वादाचं असेल, पण हा भाग टिकायला हवा होता. आणि आचारनियम डॉक्टरला बांधतात, हॉस्पिटल चालवणाऱ्या कंपनीला नाही. फलकावर म्हणून डॉक्टरचं नाव नसतं, हॉस्पिटलचं असतं. पळवाट तिथेच आहे.

गोदूताई, रील नक्की करा. तुमच्या नावाने, चिखलात उभं राहून करा. मी शेअर करतो.

---

डॉ_आडिवरे

मी गेली कित्येक वर्षं खेड्यात जनरल प्रॅक्टिस करतो. फलकापेक्षा मोठी गोष्ट फलकामागे आहे, ती लिहायलाच हवी.

दर महिन्याला बाहेरच्या हॉस्पिटलांचे पीआरओ, म्हणजे जनसंपर्काची माणसं, येतात. डायरी, पेन, मिठाई, आणि मग खालच्या आवाजात, एका पेशंटमागे किती. ऑपरेशन झालं तर वेगळा दर, एमआरआयला पाठवला तर वेगळा. मी घेत नाही म्हटल्यावर पहिल्यांदा आश्चर्य, मग "डॉक्टर, सगळेच घेतात." त्याच २००२ च्या नियमांत पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं आणि घेणं दोन्हीला मनाई आहे. महाराष्ट्राने २०१७ साली कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार केला होता, तो कायदा झाला नाही.

पेशंटच्या दृष्टीने बघा. त्याला वाटतं, माझ्या घरच्या डॉक्टरांनी पाठवलंय म्हणजे विचार करूनच पाठवलं असणार. त्या एका विश्वासावर गावात उपचार चालतात. तो विकला तर आमच्याकडे उरतं काय? मला याचा राग येतो, आणि आमच्याच व्यवसायातले लोक यावर गप्प बसतात याचा जास्त.

लोकांना एक सांगतो. मला किंवा कोणालाही सरळ विचारा, दुसरं मत घ्यायला कुठे जाऊ? जो डॉक्टर यावर चिडत नाही तो बरा. रिपोर्ट आणि फिल्म तुमच्या मालकीच्या आहेत, त्या मागून घ्या. स्क्रू किंवा जाळी बसवली असेल तर त्यावरचा स्टिकर केसपेपरवर चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढा. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, दलालाला नको.

---

मालवणी_गजाली

डॉक्टरांनू, मालवणीतच लिवतंय, घाईत असंय. माझ्या बापाशीक कालपासून दोनय पायांत मुंग्या येतत. पेटये उचलताना कंबर धरली होती. आज सकाळपासून लघवी होना नाय, पोट फुगला हा. बसाची जागा बधिर झाली म्हणतत. गावच्या डॉक्टरान इंजेक्शन दिल्यान. फलकावरच्या नंबराक फोन केलंय तर ते सोमवारची अपॉइंटमेंट देतत. काय करूचा?

---

मेरुदंड

सोमवारपर्यंत थांबू नका. आत्ता निघा. १०८ ला फोन करा आणि "लघवी अडकली आहे, दोन्ही पाय बधिर आहेत" असंच सांगा. तुम्हाला जवळ असेल ते मोठं सरकारी हॉस्पिटल, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडत असेल तर तिथे थेट अपघात विभागात. ओपीडीच्या रांगेत उभे राहू नका. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य बोला: कॉडा इक्वायना वाटतोय. लघवीची नळी आणि तातडीचा एमआरआय, दोन्ही मागा.

मणक्याच्या शेवटी नसांचा जुडगा असतो, तो मोठ्या तुकड्याखाली चिरडला की असं होतं. तासांवर असतं सगळं. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय, रस्त्यात फोन करा.

---

डॉ_आडिवरे

निघताना पाणी फार पाजू नका, पोट आणखी ताणेल. जेवण देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. आधीची औषधं बरोबर घ्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तिथे सांगा.

---

मालवणी_गजाली

बांबोळीक पोचलाव. नळी घातल्यानी, लय लघवी भायर इली. रात्रीच एमआरआय झालो. सकाळी ऑपरेशन केल्यानी, मोठो तुकडो होतो म्हणतत. पायात थोडो जोर इलो. लघवीचा काय ता कळाक वेळ लागतलो असा सांगल्यानी. डॉक्टरांनू, तुमचे उपकार.

---

मेरुदंड

उपकार तुम्ही वेळेत निघालात त्याचे. लघवीचा ताबा यायला आठवडे, कधी महिने लागतात. नळी काढल्यावर किती उरते ते सोनोग्राफीने मोजायला सांगा. बसायची जागा बधिर आहे तोवर त्यांना शेकाची पिशवी किंवा गरम पाण्याचं टब देऊ नका, भाजलेलं कळणार नाही. एकाच कुशीवर फार वेळ झोपवू नका.

घाटमाथा, हे वाचत असाल तर तुम्हाला एक विनंती. या जिल्ह्यात एसटीच्या मागे लावायला एक फलक करून द्याल का? हॉस्पिटलचं नाव नको. मजकूर मी देतो.

---

घाटमाथा

देतो. डिझाइन माझं, छपाईचंही बघतो. मजकूर छोटा ठेवा, चालत्या एसटीवर तीन ओळींच्या वर कोणी वाचत नाही.

---

मेरुदंड

एसटीसाठी:

कंबरदुखीत लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं?
सकाळची वाट बघू नका.
१०८ ला फोन करा.

ग्रामपंचायतीच्या फळ्यासाठी वेगळा:

माडावरून, पोफळीवरून, आंब्यावरून पडलेल्या माणसाला उठवून बसवू नका. पाणी पाजू नका. रिक्षात दुमडून घालू नका. डोकं, मान, पाठ एका रेषेत धरून चौघांनी एकदम उचला आणि दारावर किंवा फळीवर झोपवा. १०८ ला फोन करा.

---

गोदूताई

दुसऱ्यात ‘एकाने फक्त डोकं धरायचं, मोजून एकदम उचलायचं’ हे घाला. लोक पाय आणि खांदे धरतात, डोकं लोंबकळतं. आणि पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्या, लोकांच्या वाडीत आधी लावा.

---

मालवणी_गजाली

मालवणीत पण करा. ‘लघवी अडाकली तर सकाळची वाट बघू नकात’ असा लिवा. आणि १०८ मोठ्या आकड्यात. आमच्या पंचायतीत मी लावतंय.